मुडदा बशिवला तुहा

माझ्या थोरल्या बहिणीवर जिवे मारण्याच्या धमकीचा आळ आला, तेव्हा ती गच्चीवर गव्हाच्या पिठाचे सरगुंडे वाळत घालत होती. आळ घेणारं कोणी माणूस नव्हतं. फोनवर एक सूचना आली आणि तिचं पान बंद झालं. तिनं लगेच मला अमरावतीला फोन लावला.

"भाऊ, हे काय लिहून आलं पाह्य बरं. मले वाटते रिचार्ज संपला."

रिचार्ज संपला नव्हता. ज्या मोठ्या कंपनीच्या साइटवर तिचे स्वयंपाकाचे व्हिडिओ होते, तिनं बाईला हिंसक ठरवून बाहेर काढलं होतं. आम्ही थोरल्या बहिणीला बाई म्हणतो. बाई हिंसक आहे यात तसं खोटं काही नाही, लहानपणी लाटणं मी खाल्लेलं आहे. पण ते कंपनीला कळण्याचं कारण नव्हतं.

बाई अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीच्या पलीकडे, लग्न होऊन आली त्याच घरात. भाऊजी शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात किंवा गल्लीतल्या राजकारणाला. भाऊजी फोनला लागले. बाई स्वयंपाक करायची आणि ते ओट्याशेजारी उभे राहून तिला टिपायचे. व्हिडिओ कापणं त्यांना कधीच जमलं नाही, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला बराच वेळ नुसती बडबड असे. कूलरची घरघर, भंगारवाल्याची हाळी, "चालू झालं का हे?" असा भाऊजींचा आवाज आणि "मले काय इचारता, फोन तुमच्या हातात हाय" असं बाईचं उत्तर. मग कधीतरी कढईत तेल पडायचं. भाऊजी कॅमेऱ्यामागून विचारत, "हे काय टाकून राहिली?" ती म्हणे, "दिसत नाई का?" पाहणाऱ्यांना खरं तर तेच ऐकायचं असे. आधी नातेवाईक पाहायचे, मग गल्ली, मग वऱ्हाडातून बाहेर पडून कुठकुठे जाऊन बसलेली आमची पोरंपोरी.

भाऊजी एका दुपारी गेले. चहा मागितला आणि तो यायच्या आत गेले. त्यानंतर बाईनं नवा व्हिडिओ केला नाही. पण जुने लोक पाहत राहिले, खाली प्रश्न विचारत राहिले, आणि बाई दुपारी जेवण आटोपलं की चष्मा लावून एकेकाला उत्तर देत बसायची. दुपार काढायची तिची ती रीत झाली होती. मी कधी गेलो तर मलाही त्या वेळात चहा मिळत नसे.

भातात डाळीच्या पिठाचे गोळे घालतात त्या गोळाभाताच्या व्हिडिओखाली एका पोरीनं लिहिलं होतं, मावशी, माझे गोळे पुन्हा फुटले. बाईनं उत्तर दिलं होतं, "मुडदा बशिवला तुहा, कितीदा सांगू पीठ जाडं भरडं पाह्यजे. आता फोडले त घरी येऊन मारीन."

हे ज्यांना वऱ्हाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. "मुडदा बशिवला तुहा" याचा शब्दशः अर्थ लावायला गेलं तर प्रेतच डोळ्यांपुढे येतं. पण आमच्याकडच्या बायका तो कधीच शब्दशः वापरत नाहीत. पोरानं कपबशी फोडली की म्हणतात, आणि तेच पोर परीक्षेत पास होऊन पाया पडायला आलं तरी म्हणतात. बऱ्याच दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या भाच्याला तर पाणी द्यायच्या आधी हेच मिळतं. माझा एक पुण्याचा सहकारी पहिल्यांदा बाईकडे जेवायला आला आणि दुसरी भाकर नको म्हणाला, तेव्हा त्यालाही मिळालं. तो इतका घाबरला की तीन भाकरी खाऊन उठला.

या शब्दाला नियमही आहेत. आजाऱ्याला म्हणत नाहीत. प्रवासाला निघालेल्याला म्हणत नाहीत. आणि नवऱ्याला तर कधीच नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही, पण एकाही बाईची त्यात चूक होत नाही. कंपनीच्या यंत्रानं मात्र वाचलं ते एवढंच की प्रेत, घरी येईन, मारीन. आमच्या मारण्यात जीव जात नाही, फार तर पाठीत धपाटा बसतो, हे त्याला कुठून कळणार?

मी त्याच आठवड्यात मूर्तिजापूरमार्गे बस धरून अकोल्याला गेलो. बाईच्या वतीनं अर्ज लिहिला. शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, रीत सांगितली, अगदी नम्रपणे. चहा होईपर्यंत उत्तर आलं. आपल्या विनंतीचे पुनरावलोकन केले आहे, निर्णय कायम आहे.

"हे कोन बोलून राहिलं?" बाईनं विचारलं.

"कोनीच नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे तिकडं मानूस नाई, बाई. यंत्र आहे."

ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती गोंधळली. तिनं आयुष्यात रेशनच्या दुकानदाराशी, दूधवाल्याशी, नगरसेवकाशी भांडण केलं आहे, आणि प्रत्येक वेळी दारात जाऊन, कमरेला पदर खोचून. इथे दारच नव्हतं. चिडलो मी. भांडायला समोर कोणी नसल्यामुळे मी फोनलाच दोन शिव्या दिल्या.

"अबे, त्याले कायले बोलतं," बाई म्हणाली. "मले एवढंच सांग, आपलं सामान आपल्याले परत कसं भेटन?"

मी विचारलं, मूळ व्हिडिओ कुठे आहेत? ती म्हणाली, तिथं हायेत ना. मी म्हणालो, तिथं म्हणजे कुठं? तिनं बोटानं वर दाखवलं. फोन भरला की भाऊजी व्हिडिओ चढवायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. वर आहेत तर खाली कशाला जागा अडवायची, हा त्यांचा हिशेब. आमच्याकडे सगळे चढवणं हाच शब्द वापरतात. फोटो चढवला, व्हिडिओ चढवला. देवाला नारळ चढवतात तसं. आणि चढवलेलं परत मागायची आपल्यात पद्धत नाही.

बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "सैपाक मले येते भाऊ. त्याच्यासाठी मले काई पाहा नाई लागत. पन त्याईचा आवाज तिथं हाय. दुसरीकडं कुठंच नाई."

तोपर्यंत मी हे प्रकरण बंद झालेल्या पानाचं समजत होतो. ते भाऊजींच्या आवाजाचं होतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. विकेंद्रित जाळं हा माझा आवडीचा विषय. एकाच मालकाच्या वाड्यात सगळ्यांनी बिऱ्हाड करायचं नाही. ज्यानं त्यानं आपला लहानसा संगणक आपल्या घरी ठेवायचा, त्याला आपलं नाव घ्यायचं, आणि एकमेकांशी बोलायचे नियम मात्र सगळ्यांनी सारखे पाळायचे. मग अकोल्यातल्या घरानं मांडलेलं दूरदेशीच्या घरात दिसतं आणि मध्ये दरवान नसतो. एखादं घर बंद पडलं तरी बाकीची चालू राहतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर चौकोन आणि रेघा काढून शिकवत आलो आहे. पोरं वहीत चौकोन काढतात आणि परीक्षेत तेच परत काढून देतात.

बाईलाही मी तेच चौकोन एका कागदावर काढून दाखवले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे इरजनासारखं," ती म्हणाली.

इरजन म्हणजे विरजण.

"उन्हाळ्यात माह्यं इरजन बिघडलं त मी मांगच्या घरून आनते. तिचं बिघडलं त ती माह्याकडून नेते. हे इरजन कोनाचं, असं कोनी इचारते का? माह्या सासूनं कोनाकडून आनलं होतं, देवाले ठाऊक. सगळ्याईनं एकाच डेअरीचं दही आनलं असतं, त ज्या दिवशी डेअरीले कुलूप लागलं त्या दिवशी गल्लीत ताक नसतं." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पोराईले शिकवतं न एवढं? मंग करून दाखव."

आता वर्गात मी चौकोन काढत नाही.

पुढच्या खेपेला मी तळहाताएवढा एक संगणक घेऊन गेलो आणि तिच्या घरच्या इंटरनेटला जोडून फ्रिजवर ठेवला. तिच्यासाठी एक नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं. अर्ज भरताना तिनं विचारलं, हे नाव कोणाच्या नावावर होणार? मी म्हणालो, तुझ्या. "घर अजून सासऱ्याच्या नावानं हाय," ती म्हणाली, आणि पत्त्याचं स्पेलिंग माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

यात सगळं गोडच होतं असं नाही. परक्याच्या वाड्यात राहण्याचं सुखही असतं, झाडलोट दुसरा करतो. इथे वीज गेली की पान गेलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं होरपळतात तिथे यंत्राचं काय? एका दुपारी बाईचा फोन आला की फ्रिजवरचा डबा बंद पडला. मी तासभर फोनवरून नाना उपाय सांगितले. हात टेकले तेव्हा तीच सहज म्हणाली, "धूळ बसू नाई म्हनून रुमाल टाकला त्याच्यावर. मीच विनलेला." क्रोशाचा जाड रुमाल, दुहेरी घडी करून. टीव्हीला, मिक्सरला, टेलिफोनला जे मिळालं ते या नव्या पाहुण्याला मिळालं नसतं तर तिला अपमान वाटला असता. मी ओरडलो. तिनं रुमाल काढून खाली अंथरला आणि वर डबा ठेवला. त्यावर आमचा समेट झाला.

पण घर तयार झालं तरी ते रिकामं होतं. मी माझ्या आणि तिच्या सगळ्या ग्रुपवर निरोप टाकले, बाईचे व्हिडिओ कोणाकडे असतील तर पाठवा. माणसं चांगली. रोडगे आले, पातोडी आली, मांडे आले. पहिला आला तेव्हा बाईनं घाईनं हात धुतले आणि माझ्याशेजारी येऊन बसली. व्हिडिओ सुरू झाला. कढईत तेल पडलं.

"सुरुवातीचं कुठं गेलं?" ती म्हणाली.

दुसरा लावला. तोही फोडणीपासून. तिसराही. मग माझ्या लक्षात आलं. एकमेकांना पाठवताना लोकांनी व्हिडिओ आखूड केले होते. बडबड कापली होती आणि पाककृती ठेवली होती. कोणाचं काही चुकलं नव्हतं, त्यांना हवं ते त्यांनी जपलं. मधूनमधून भाऊजींचं एखादं "हो का" राहून गेलं होतं. बाई ते पुन्हा पुन्हा लावून ऐकायची. मला ते बघवत नसे. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो.

एका शनिवारी मी तिथे असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. साधारण माझ्या बहिणीच्याच वयाची, उन्हानं लाल झालेली, हातात पिशवी. बाळापूरहून बसनं आली होती आणि जुन्या शहरात "गोळाभातवाली" विचारत विचारत घर शोधलं होतं. बाईनं आधी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली,

"माही पोरगी परदेशात असते. तुमी तिच्यावर काहून रागावल्या?"

"मी कायले रागावू? मी त वयखत बी नाई तिले."

"तिचे गोळे फुटत होते ना. तुमी तिले बोलत होत्या. आता तुमचं पान दिसत नाई म्हने. तिले वाटते तुमी तिलेच बंद केलं. फोनवर रडून राहिली होती. म्हने, इथं मले मुडदा म्हननारं दुसरं कोनी नाई."

ज्या पोरीला धमकी दिली म्हणून बाईला बाहेर काढलं होतं, ती ही. बाईनं हकीकत सांगितली. बाळापूरच्या बाईला आधी पटेचना. मग दोघी इतक्या हसल्या की मागच्या घरची शेजारीण डोकावून गेली.

मी म्हणालो, लावा तुमच्या मुलीला फोन. पलीकडे जेमतेम सकाळ झालेली होती. पोरगी झोपेतल्या आवाजात "मावशी" म्हणाली आणि बाईनं तिला पहिला शब्द तोच दिला, घरच्या घरी, कोणाच्या परवानगीशिवाय. मग मी व्हिडिओंचं विचारलं.

"आहेत ना," ती म्हणाली. "सगळे आहेत. मी उतरवून ठेवले होते."

"पूर्ण?"

"पूर्ण. सुरुवातीचं काकांचं बोलणंच तर मी ऐकते. इकडं सकाळी स्वयंपाक करताना लावते. घरी कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटते."

बाईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. भांडी आधीच घासून झालेली होती.

पोरीनं तिच्या घरून थेट फ्रिजवरच्या डब्यात व्हिडिओ पाठवले. मध्ये कोणाचा वाडा नव्हता. एकेक येत होता आणि मी नावं बघत होतो. निघताना बाळापूरच्या बाईनं भरल्या वांग्यांचा डबा दिला, आणि बाईनं तिला सगळ्या व्हिडिओंची एक प्रत बाळापूरच्या घरीही ठेवायला सांगितलं. "घरचं इरजन एकाच भांड्यात ठेवत नाई मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही गोळाभाताचा व्हिडिओ लावला.

कूलरची घरघर. फोन हलतो. "चालू झालं का हे?" भाऊजींचा आवाज खोलीत आला आणि बाईनं माझा हात धरला. व्हिडिओतली बाई पाठमोरी, हात पिठात. तेवढ्यात भाऊजी म्हणतात, "साऱ्या जगाले तू मुडदा म्हनते. मले काहून नाई म्हनत?"

"नवऱ्याले म्हनत नसते," पाठमोरी बाई म्हणते.

"काहून?"

"तुमी मीठ द्या इकडं."

आणि डावीकडून एक हात येतो, मिठाचा डबा धरलेला. मनगटावर जुनं घड्याळ. साऱ्या व्हिडिओंत भाऊजी दिसतात ते एवढेच.

मी बाकीच्यांसारखा हाही पानावर मांडायला घेतला तेव्हा तिनं मला थांबवलं.

"हा नाई चढवाचा."

"बाई, लोकाईनं पाह्यला हाय तो. तिथं होताच इतके दिवस."

"तवा ते दाखवत होते. त्याईले दाखवाचा होता, दाखवला. आता माह्या घरात हाय. मले नाई दाखवाचा."

मी त्या व्हिडिओपुढे "फक्त मी" अशी खूण केली. तिनं ती स्वतः वाचून खात्री केली. मग त्या पोरीला फोन लावला आणि म्हणाली, "गोळाभाताचा तुह्यापाशी राहू दे, पन कोनाले देऊ नको." पोरगी म्हणाली, नाही देणार. एवढ्यावर व्यवहार संपला. ती पोरगी देणार नाही याची हमी कुठलाही संगणक देऊ शकत नाही. बाईनं मात्र फोन ठेवताना दुसरा विचारसुद्धा केला नाही. मला तिचा हेवा वाटला.

मी वायरी आवरत होतो. तिनं व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि भाऊजींच्या "काहून?"वर थांबवला. थांबवायला ती आता शिकली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "आता म्हनलं त चालते ना?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. नवऱ्याला तो शब्द का म्हणत नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि ज्याच्या भीतीनं म्हणत नाहीत ते तर केव्हाच होऊन गेलं होतं.

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नव्हतीच. चष्मा सारखा करून, फोनकडे बघत, एकदम हळू आवाजात म्हणाली, "मुडदा बशिवला तुमचा."

मग तिनं बोट लावलं. व्हिडिओ पुढे सरकला, आणि डावीकडून मिठाचा डबा धरलेला हात आला.